प्रभूच्या मेजासाठी भाकर कोणती?

पत्र

सलाम ताई. मी मूळची नगरची, सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) मंडळीत वाढलेली. तान्ही असताना बाप्तिस्मा झाला, पंधराव्या वर्षी दृढीकरण, म्हणजे मंडळीपुढे स्वतः दिलेली विश्वासाची कबुली. लग्नानंतर टेक्ससमधल्या एका लहान गावात आले. इथे मराठी मंडळी नाही, म्हणून तीन वर्षे आम्ही घराजवळच्या बाप्टिस्ट चर्चमध्ये जातो. माणसे मायेची आहेत. पण प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाच्या आठवणीतला भाकर-द्राक्षारसाचा विधी, तीन महिन्यांतून एकदा, आणि तेही बाकावर बसूनच. ताटलीतला नखाएवढा कडक चौकोनी तुकडा उचलायचा, बोटभर पेल्यातला द्राक्षांचा रस प्यायचा. नगरला आम्ही पुढे जाऊन गुडघे टेकायचो. इथे मला रितेरिते वाटते.

गेली वीस वर्षे मेजाची तयारी करणाऱ्या बाई आता आजारी पडल्या आणि पाळकांच्या पत्नीने ते काम मला विचारले. मी म्हटले, भाकर घरी करेन. तर एक जण म्हणतात बेखमीरच हवी, म्हणजे खमीर घालून न फुगवलेली, दुसरे म्हणतात साधा पावही चालतो, तिसरे म्हणतात पाकिटातले तुकडे असताना हा उपद्व्याप कशाला. एका मुलीला गहू चालत नाही, ती दर वेळी ताटली नुसती पुढे सरकवते. पुण्याची नणंद म्हणते, बाप्टिस्टांच्या लेखी ती नुसती खूण, मग कसलीही भाकर ठेव. ताई, कोणती करू? आणि एक विचारायचा धीर होत नाही. माझा बाप्तिस्मा बाळपणीचा. मी तिथे घेऊ शकते का? तीन वर्षे घेतेय. त्यांनी विचारले नाही, मी सांगितले नाही.

उत्तर

प्रभूमध्ये सलाम.

जाता जाता लिहिल्यासारखा जो शेवटचा प्रश्न तुम्ही लिहिलात, तोच तुमच्या मनात सलतो आहे, म्हणून तो आधी घेते. भाकरीचे बघू नंतर.

बाप्टिस्टांचा जन्मच या प्रश्नातून झाला. १६०९ साली अॅमस्टरडॅममध्ये आश्रयाला गेलेले जॉन स्मिथ नावाचे इंग्रज पाळक आणि त्यांचे सोबती या निर्णयाला आले की जो स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल करतो त्याचाच बाप्तिस्मा खरा. त्यांच्यातले थॉमस हेल्विस काही जणांना घेऊन १६१२ मध्ये लंडनला परतले आणि इंग्लंडच्या भूमीवर पहिली बाप्टिस्ट मंडळी उभी राहिली. बाळाच्या कपाळावरचे पाणी हा त्यांच्या दृष्टीने आईबापांचा विश्वास, बाळाचा नव्हे. मग ओघानेच पुढचा प्रश्न आला: ज्याचा असा बाप्तिस्मा झालेला नाही, त्याला मेजावर बसवायचे की नाही?

यावर बाप्टिस्टांचे आपसांत कधीच एकमत झालेले नाही. बेडफर्डचे जॉन बन्यन यांनी १६७३ मध्येच लिहिले की पाण्याबद्दलचे मतभेद मेजाच्या आड येऊ नयेत. लंडनचे विल्यम किफिन यांनी त्यांना कडाडून विरोध केला. एकोणिसाव्या शतकात रॉबर्ट हॉल आणि जोसेफ किंगहॉर्न पुन्हा याच मुद्द्यावर भिडले. दोघेही नावाजलेले बाप्टिस्ट पाळक, दोघेही बायबल उघडूनच बोलणारे. म्हणून तुम्हाला कोणी ठणकावून सांगितले की ‘बाप्टिस्ट असे मानतात’, तर त्या वाक्यावर फार विसंबू नका.

तुमची मंडळी टेक्ससमधली, म्हणजे बहुधा सदर्न बाप्टिस्ट या अमेरिकेतल्या मोठ्या बाप्टिस्ट संघातली. त्यांचे विश्वासाचे निवेदन १९२५ मध्ये तयार झाले, १९६३ आणि २००० मध्ये सुधारले गेले. त्यात स्पष्ट म्हटले आहे की बाप्तिस्मा ही प्रभुभोजनाची पूर्वअट आहे, आणि बाप्तिस्मा म्हणजे विश्वास धरणाऱ्याला पाण्यात बुडवून दिलेला. कागदावर हे असे आहे. प्रत्यक्षात काय चालते, तर २०१२ मध्ये सदर्न बाप्टिस्ट पाळकांची एक पाहणी झाली. जो कोणी ख्रिस्तावर विश्वास ठेवतो त्याला आमचे मेज खुले आहे, असे निम्म्याहून थोड्या अधिक पाळकांनी सांगितले. बाप्तिस्म्याची अट घालणारे त्यांच्याहून कमी निघाले. तुम्ही यातल्या कोणत्या मंडळीत बसता, हे सांगू शकतात फक्त तुमचे पाळक आणि तुमची मंडळी. बाप्टिस्टांत वर बिशप नाही, सिनड म्हणजे मंडळ्यांवर हुकूम चालवणारी सभा नाही. शेवटचा शब्द स्थानिक मंडळीचा.

म्हणून पिठाला हात लावण्याआधी पाळकांची वेळ घ्या. दहा मिनिटे पुरतील. पत्रात मला लिहिलेत तेच सांगा: बाळपणी बाप्तिस्मा, पंधराव्या वर्षी मंडळीपुढे उभे राहून स्वतः दिलेली कबुली, आणि तीन वर्षांचा संकोच. दृढीकरणाचे मात्र आवर्जून सांगा. त्यांच्याकडे ही पद्धत नसल्याने तिथे तुम्ही स्वतःच्या तोंडाने काय कबूल केलेत, हे त्यांना आपण होऊन कळणार नाही. आणि हेही सांगायला हरकत नाही की २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा मंडळ्या एकत्र येऊन सीएनआय झाली, तेव्हा त्या सहांत उत्तर भारतातल्या बाप्टिस्ट मंडळ्याही होत्या, आणि म्हणूनच सीएनआयमध्ये बाळाचा आणि मोठेपणीचा, असे दोन्ही बाप्तिस्मे मान्य आहेत. तुम्ही त्यांना वाटता तितक्या परक्या नाही.

ते ‘या, तुमचेच मेज आहे’ म्हणाले तर प्रश्न मिटला. ‘आधी बाप्तिस्मा घ्या’ म्हणाले, तर घाई करू नका. ताटली हातात यावी म्हणून पाण्यात उतरू नका, ताई म्हणून कळकळीने सांगते. नगरला जे झाले ते अपुरे होते असे तुमच्या मनाला खरोखर पटले, तरच तो विचार करा. नाही पटले तर त्या रविवारी ताटली पुढे द्या आणि प्रार्थनेत बसा. ते दुखेल. पण न सांगता घेत राहण्याने जो काटा रुततो आहे, तो तरी निघेल. तीन वर्षे घेतलेत त्याचा अपराध मानू नका. मेज कोणासाठी आहे हे दर वेळी मोठ्याने सांगणे पाळकांचे काम असते, आणि तुमच्याकडे ते झालेले दिसत नाही.

आता नणंदेचे बोलणे. ‘नुसती खूण’ यातला ‘नुसती’ हा शब्द मला बोचला. बाप्टिस्ट प्रभुभोजनाला संस्कार न म्हणता विधी म्हणतात, प्रभूने नेमून दिलेली आज्ञा. भाकरीचे शरीरात रूपांतर होते असे ते मानत नाहीत. इथवर नणंद बरोबर आहे. पण बाप्टिस्टांनी १६८९ मध्ये लंडनला स्वीकारलेला विश्वासाचा जाहीरनामा म्हणतो की योग्य रीतीने घेणारा विश्वासाने, आत्म्याने, खरोखर ख्रिस्ताला ग्रहण करतो आणि त्याच्यावर पोसला जातो. लंडनचे प्रसिद्ध बाप्टिस्ट उपदेशक स्पर्जन दर आठवड्याला प्रभुभोजन घेत. नुसत्या खुणेसाठी माणूस दर आठवड्याला मेजाशी जात नाही. तिमाहीचा प्रघात त्यांच्यातलाच, सदर्न बाप्टिस्टांत निम्म्याहून अधिक मंडळ्या तो पाळतात, आणि त्यामागचे कारण ते असे सांगतात की वारंवार घेतल्याने सवय होऊ नये. मला ते पटत नाही. आई रोज जेवायला वाढते म्हणून जेवणाची किंमत कमी होत नाही.

तुम्हाला रिते वाटते ते मी समजू शकते. मी स्वतः अमेरिकेत चौदा वर्षे अशाच एका मंडळीत होते. पहिली दोन वर्षे मलाही गुडघे टेकायची सवय छळत असे. मग एका रविवारी मी डोळे मिटून न घेता उघडे ठेवले. पुढच्या बाकावर बसलेले डीकन, म्हणजे मंडळीचे निवडलेले सेवक, उठले, मेजावरचे पांढरे कापड दोघांनी चार टोके जुळवून घडी केले, ताटल्या ओळीओळीने निघाल्या. माझ्या शेजारी एक थरथरत्या हातांचे आजोबा होते. त्यांची ताटली मी धरली, त्यांनी तुकडा घेतला, मग माझी ताटली पलीकडच्या शाळकरी मुलाने धरली. आपल्याकडे पाळक प्रत्येकाला देतात. इथे शेजारी शेजाऱ्याला देतो. नंतर कोणी लगेच खात नाही. शेवटच्या बाकापर्यंत पोचेस्तोवर सगळे तो तुकडा तळहातावर धरून थांबतात आणि मग एकदम खातात. सगळ्यांची वाट पाहणे, हा त्यांचा गुडघे टेकण्यासारखाच भाग आहे. करिंथच्या मंडळीला प्रेषित पौलाने झापले ते याच्याचसाठी: श्रीमंत आधी खाऊन मोकळे होत आणि गरीब उपाशी राहत. ‘एकमेकांची वाट पाहा’ असे त्याने लिहिले. पुढच्या वेळी तो तुकडा हातात असताना मान वर करून मागेपुढे बघा.

आणि आता भाकर.

बेखमीरवाल्यांचे म्हणणे असे की शेवटचे भोजन वल्हांडणाचे होते, त्या सणात यहुदी घरात खमीर ठेवत नाहीत, म्हणून भाकर बेखमीर. शिवाय पौल जुन्या खमिराला पापाची उपमा देतो. हा युक्तिवाद वजनदार आहे, आणि अमेरिकेतल्या पुष्कळ बाप्टिस्ट मंडळ्या त्यामुळेच यहुद्यांची मात्झा किंवा तसे कडक तुकडे वापरतात. पण पहिल्या तीन शुभवर्तमानांत ते वल्हांडणाचे भोजन दिसते, तर चौथ्यात योहान ते वल्हांडणाच्या आधीचे सांगतो. शिवाय चौघांपैकी कोणीही त्या भोजनाच्या भाकरीसाठी बेखमीर हा खास शब्द वापरलेला नाही. मूळ ग्रीकमध्ये साध्या भाकरीचाच शब्द आहे. मराठीतही तसेच आहे: सणाचे नाव ‘बेखमीर भाकरीचा सण’, पण येशूने हातात घेतली ती नुसती ‘भाकर’. आणि खमीर म्हणजे पापच, असेही नाही. स्वर्गाचे राज्य एका बाईने तीन मापे पिठात लपवलेल्या खमिरासारखे आहे, हेही येशूनेच सांगितले. या एका मुद्द्यावर पूर्व आणि पश्चिमेच्या ख्रिस्ती मंडळ्या हजार वर्षांपूर्वी एकमेकींशी भांडल्या. पूर्वेची फुगवलेली, पश्चिमेची बेखमीर. १६८९ चा तो जाहीरनामा फक्त भाकर म्हणतो. सदर्न बाप्टिस्टांचे निवेदनही भाकर आणि द्राक्षवेलीचा उपज, एवढ्यावर थांबते. तेव्हा तुमच्याकडचे तिघेही आपापल्या परीने बरोबर आहेत, आणि चौथा कोणी पावाची लादी घेऊन आला तर तोही.

(द्राक्षवेलीचा उपज म्हणजे रस की दारू, हा वाद तुम्ही विचारला नाही. एवढेच सांगते की बाप्टिस्ट आधी वाइनच घेत. एकोणिसाव्या शतकात दारूबंदीची चळवळ वाढली, १८६९ मध्ये न्यू जर्सीत थॉमस वेल्च यांनी रस तापवून आंबू न देण्याची युक्ती साधली, आणि हळूहळू अमेरिकन मेजावर रस आला. आपला ‘द्राक्षारस’ हा शब्द दोन्हींना पुरून उरतो.)

मला विचाराल तर भाकर कोणती हे ठरवायला एकच कसोटी पुरेशी आहे: ती मोडता यावी आणि मेजावरच्या प्रत्येकाला खाता यावी. पौल म्हणतो, भाकर एक, म्हणून आपण पुष्कळ असलो तरी एक शरीर आहोत. कारखान्यात कापून आलेला तुकडा कधी कशाचा भाग होता हे दिसतच नाही. म्हणून घरी करायची तुमची कल्पना मला मनापासून आवडली. आणि ती मुलगी, जी दर वेळी ताटली पुढे सरकवते, तिच्याबद्दल पत्रात तुम्ही एकच ओळ लिहिलीत. मी तिच्यापासून सुरुवात करीन.

रोटीव्यवहार हा शब्द आपल्याला कोणी समजावून सांगायला नको. २२ डिसेंबर १८०० रोजी बंगालमध्ये श्रीरामपूरला कृष्ण पाल नावाचा सुतार बाप्टिस्ट मिशनऱ्यांच्या पंगतीला बसून जेवला. जात गेली म्हणून गावात एकच गदारोळ झाला, लोकांनी त्याला ओढत डॅनिश अंमलदारापुढे नेले. २८ डिसेंबरला त्या मिशनऱ्यांपैकी विल्यम केरींनी नदीत त्याचा बाप्तिस्मा केला, त्याच वेळी स्वतःच्या मुलाचा, फेलिक्सचाही. त्याच दिवशी बंगालीतून प्रभुभोजन झाले. सुतार आणि साहेबाचा मुलगा एका पाण्यातून आले आणि एका भाकरीला बसले. हेच केरी पुढे कोलकात्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात मराठी शिकवत, १८०५ मध्ये त्यांचे मराठी व्याकरण आले आणि १८११ मध्ये श्रीरामपूरच्या छापखान्यातून मराठी नवा करार. बाप्टिस्ट मेजाची ही ओळख आपल्या देशातली आहे, आणि तिच्यात वेगळ्या ताटाला जागा नव्हती.

त्या मुलीलाही वेगळे ताट नको. सगळ्यांची भाकर गव्हाची आणि तिची एक बाजूला झाकलेल्या वाटीत, असे बऱ्याच ठिकाणी करतात, आणि काहीच न करण्यापेक्षा ते बरे. पण त्याहून सोपा उपाय तुमच्या हातात आहे. ज्वारीची भाकरी करा. ज्वारीत ग्लूटेन, म्हणजे गव्हातले बाधणारे प्रथिन, नसते, भाकरी बेखमीर असते, ती हाताने मोडतेच, आणि ‘आमची रोजची भाकर आज आम्हांला दे’ असे तुम्ही लहानपणापासून ज्या शब्दांत मागत आलात तीच ती. कॅथलिकांना हे करता आले नसते, त्यांच्या नियमानुसार भाकर गव्हाचीच लागते. बाप्टिस्टांवर तसे बंधन नाही. बेखमीरवाल्यांचे समाधान, त्या मुलीला भाकर, आणि सगळ्यांची एकच.

मात्र पिठाची काळजी घ्या. गव्हाच्याच जात्यावर दळलेल्या ज्वारीत गव्हाचा अंश येतो आणि आजार गंभीर असेल तर तेवढाही बाधतो. भारतीय दुकानातले सुटे पीठ नको, पाकिटावर ग्लूटेन-मुक्त असे छापलेले घ्या. आधी तिच्या आईला फोन करून नेमके काय चालत नाही ते विचारा. परात, पोळपाट, तवा त्या दिवशी निराळे आणि स्वच्छ घासलेले, पोळ्यांचा तवा नको. पिठी लावायला कणीक घेण्याची आपली सवय हटकून घात करते, तेवढे जपा. तेल लावलेच तर शेंगदाण्याचे नको, कोणाला दाण्याची अॅलर्जी असू शकते.

भाकरी त्याच सकाळी भाजा. मी पहिल्यांदा हे काम घेतले तेव्हा आदल्या रात्री गव्हाच्या घडीच्या पोळ्या करून फडक्यात गुंडाळून ठेवल्या होत्या. सकाळी त्या चामड्यासारख्या झाल्या. पाळकांनी मंडळीपुढे पोळी वर धरली, ‘मोडली’ हा शब्द उच्चारला, आणि ती मोडेना. त्यांनी पिळून फाडली. मंडळीत चुळबूळ झाली, मी खाली बघत राहिले. त्या दिवसानंतर मी घरी एकदा पूर्ण तालीम केल्याशिवाय मेजावर काही ठेवले नाही. तुम्हीही आधीच्या रविवारी करून बघा: भाजल्यावर दोन तासांनी मोडते कशी, भुगा किती पडतो. पीठ जुने असेल तर कडा चिरतात. उकळत्या पाण्याची उकड काढून मळलीत तर भाकरी जास्त वेळ मऊ राहते. आपल्या ताटाएवढी न थापता वीतभरच थापा, जरा जाड ठेवा. पाळकांनी मोडायला एक अखंड, आणि बाकीच्यांचे बोटाच्या पेराएवढे तुकडे हाताने करून ताटल्यांत. वीतभर भाकरीचे पन्नास-साठ तुकडे सहज होतात. शंभर माणसांना तीन पुरतील. तुकडे ओलसर पातळ फडक्याखाली झाका.

उरलेल्या भाकरीबद्दल बाप्टिस्टांचा काही नियम नाही. त्यांच्या मते ती विधीनंतरही भाकरच. पण तुमच्या मनाला कचऱ्याच्या डब्यात टाकणे रुचणार नाही, तर नका टाकू. घरी आणून खा.

आता एक सावधगिरीचा शब्द, आणि तो तुम्हाला आवडणार नाही. पहिल्याच वेळी भाकरी मेजावर ठेवू नका. तुम्ही नव्या, काम नवे, पदार्थ त्यांना अनोळखी. त्या सकाळी सगळ्यांचे लक्ष ख्रिस्ताच्या मरणाकडे असावे, ‘हे काय आहे बरे’ याकडे नव्हे. आणि आपले माहेरपण मिरवायची ती जागाही नाही. भाकरी तिथे यावी ती त्या मुलीसाठी आणि मंडळीला पटली म्हणून. पाळकांना आणि डीकनना आधी एखाद्या साध्या जेवणात खाऊ घाला, मग मुलीचा विषय काढा, मग विचारा. बाप्टिस्ट मंडळीत असे प्रश्न सभासदांच्या बैठकीत मांडून ठरवता येतात, आणि ठरले की मग ती तुमची भाकरी राहत नाही, मंडळीची होते. नाही पटले, तर ग्लूटेन-मुक्त पिठाचे बेखमीर तुकडे भट्टीत भाजता येतात. तोवर पहिल्या खेपेला पाकिटातले तुकडे ठेवावे लागले तर ठेवा, फक्त त्या मुलीपुरते काहीतरी असेल याची तजवीज करा.

आणि वीस वर्षे हे काम केलेल्या त्या बाईंकडे अजून गेला नसाल तर याच आठवड्यात जा. कापडाची घडी कोणत्या बाजूने उघडते, पेले किती भरले म्हणजे सांडत नाहीत, कोणत्या आजोबांना ताटली धरून द्यावी लागते, हे सगळे त्यांनाच ठाऊक. आजारी माणसाच्या घरी प्रभुभोजन न्यायचे की नाही यावरही बाप्टिस्टांत दोन मते आहेत, कारण काही जण म्हणतात ते जमलेल्या मंडळीतच व्हावे. तुमचे पाळक नेतात का ते विचारून घ्या. ते नेत नसतील तरी तुम्हाला जायला आडकाठी नाही. जाताना तालमीच्या भाकऱ्यांतली एक घेऊन जा, लोणी लावून, चहाबरोबर खायला.